पोंटूनचा पंखा : निवडीआधीचे चार शब्द

अम्ब्रोज वीअर्स हा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला, रिचमंड गावचा शेतकरी. १९५२ साली त्याने लोखंडी पिंपे टोकाला टोक लावून वेल्ड केली, अशा दोन लांब रांगा तयार केल्या आणि त्यांवर लाकडी फळ्यांचा सपाट तळ ठोकला. नेहमीच्या होडीपेक्षा हा सांगाडा तळ्यात जास्त स्थिर राहील, त्यावर माणसांना उभे राहता येईल, हिंडता-फिरता येईल, एवढीच त्याची अपेक्षा होती. ती खरी ठरली. पुढे पिंपांच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या, फळ्यांवर सोफे आले, डोक्यावर कापडी छत आले. आज अमेरिकेतले एखादे मोठे तळे उन्हाळ्यात पोंटून बोटीवाचून दिसणे कठीण. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हीच बोट सोयीची वाटते. आजी-आजोबांना चढता येते, मुलांना कठडा असतो, आणि डबे उघडून सगळ्यांना एकत्र जेवता येते.

या पुस्तकाचा विषय मात्र सोफ्यांच्या आणि कठड्याच्या खाली, पाण्यात बुडालेला आहे. आउटबोर्ड इंजिनाच्या टोकाला फिरणारा प्रॉपेलर, त्याचा आकार आणि त्याची निवड. कोकण किनाऱ्यावरचे होडीवाले त्याला सरळ पंखा म्हणतात. मीही पुढे तेच म्हणणार आहे.

बोट विकत घेताना लोक इंजिनाची अश्वशक्ती विचारतात, नळ्या दोन की तीन ते विचारतात, छताचा रंगही विचारतात. पंखा कोणता, हे क्वचितच कोणी विचारते. जो लागून येतो तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. मला ही उपेक्षा फार खटकते, कारण इंजिनाची सगळी ताकद अखेर त्या तीन-चार पात्यांमधूनच पाण्यात उतरते. पाती चुकली तर इंजिनासाठी मोजलेल्या पैशांतला मोठा भाग वापरलाच जात नाही, आणि वर इंजिनाचे आयुष्य कमी होते. माझे म्हणणे एवढेच आहे : पोंटूनचा पंखा भरलेल्या बोटीसाठी निवडावा, आणि तो जुळला की नाही हे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरच्या काट्याला विचारावे. वेगाचा विचार त्यानंतर करावा.

भरलेल्या बोटीचा आग्रह का, ते आधी सांगतो. बावीस फुटी, दोन नळ्यांची पोंटून रिकामी असताना साधारण एक टनाच्या आसपास भरते. तिच्यावर दहा माणसे बसली आणि सरासरी वजन ७५ किलो धरले, तर ७५० किलो वाढले. इंधन, बर्फाची पेटी, नांगर, पोहण्याचे सामान वेगळेच. म्हणजे सकाळी दोघे मासे धरायला गेले तेव्हाची बोट आणि संध्याकाळी सगळे घरदार घेऊन निघालेली बोट यांत वजनाचा फरक रिकाम्या बोटीच्या निम्म्याहून अधिक. तळ्यांवरच्या इतर लहान बोटींत एवढी तफावत सहसा येत नाही. वेगाच्या बोटीचा तळ विशिष्ट गतीनंतर पाण्यावर उचलला जातो आणि पाण्याचा विरोध उतरतो. दोन नळ्यांची पोंटून तशी पुरती उचलली जात नाही. तिच्या नळ्या पाणी कापत, ढकलतच जातात. वजन वाढले की त्या आणखी खोल जातात, जास्त पृष्ठभाग ओला होतो, दोन नळ्यांमधली लाट वाढते. त्यात कठडे, सोफे आणि छत वारा अडवतात. तीन नळ्यांच्या आणि तळाशी उचल देणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या बोटी याला बऱ्याच अंशी अपवाद आहेत. त्यांचा विचार स्वतंत्र प्रकरणात केला आहे.

पंख्याच्या हबवर किंवा पात्याच्या बुडाशी दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १३ × १५. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. फिरताना पात्यांची टोके जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी म्हणजे व्यास. पिच म्हणजे पाणी जराही न सरकता घट्ट राहिले असते, तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे गेला असता ते अंतर. व्यास किती पाणी कवेत घ्यायचे ते ठरवतो, पिच ते पाणी किती लांब मागे फेकायचे ते ठरवते. आउटबोर्डच्या बाबतीत व्यास बहुतेक वेळा इंजिनाच्या पाण्यातल्या भागाने, म्हणजे गिअरकेसने, आणि पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीने आधीच बांधून टाकलेला असतो. आपल्या हातात उरते ती मुख्यतः पिच, आणि तिच्याच भोवती हे पुस्तक फिरते.

जास्त पिच म्हणजे जास्त वेग, हा समज सर्वत्र पसरलेला आहे, आणि पोंटूनवाल्यांचे सर्वांत जास्त नुकसान त्यानेच केले आहे. भरलेला ट्रक बोरघाट वरच्या गिअरमध्ये चढवायला गेले तर काय होते, ते मुंबई-पुणे रस्त्यावर गाडी चालवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इंजिन घरघरते, फेरे पडतात, आणि पाय कितीही दाबला तरी गाडी ओढत नाही. जड पोंटूनवर जास्त पिचचा पंखा हेच करतो. इंजिन त्याच्या नेमलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. कमी फेऱ्यांवर थ्रॉटल पूर्ण उघडे असले की सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, ठोके बसू शकतात, काजळी साचते, इंधन जास्त जाते. वाईट हे की चालवणाऱ्याला यातले काहीच जाणवत नाही. आवाज कमी येतो आणि बोट शांत चालल्यासारखी वाटते. उलट बाजूने पिच फार कमी असेल तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरू पाहते. आधुनिक इंजिनात फेरे रोखणारी व्यवस्था मध्ये पडते आणि इंजिन अडखळू लागते. हा दोष निदान लगेच कळतो. पहिला दोष वर्षानुवर्षे लपून राहतो, म्हणून त्याच्यावर मी या पुस्तकात जास्त पाने खर्च केली आहेत.

प्रत्येक इंजिनाच्या माहितीपुस्तकात पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला किती फेरे असावेत याची पट्टी दिलेली असते. ५,००० ते ६,००० किंवा ५,३०० ते ६,३०० असे आकडे या वर्गात नेहमी दिसतात. पंखा बरोबर असण्याची कसोटी हीच : तुमच्या नेहमीच्या भारासह, पूर्ण थ्रॉटलवर, काटा त्या पट्टीत आला पाहिजे. माझ्या मते तो पट्टीच्या वरच्या अर्ध्यात यावा, म्हणजे एखाद्या दिवशी पाहुणे वाढले तरी तो पट्टीखाली घसरणार नाही.

पिच एक इंचाने बदलली की फेरे साधारण १५० ते २०० ने बदलतात. पिच कमी केली की वाढतात, वाढवली की कमी होतात. हा अनुभवाचा ठोकताळा आहे, सिद्धांत नव्हे, तरी निवडीला तो पुरतो. एक उदाहरण घेऊ. ११५ अश्वशक्तीचे इंजिन, पट्टी ५,००० ते ६,०००, पंखा १५ पिचचा. दोन माणसे असताना काटा ५,६०० वर जातो. डीलर म्हणेल, उत्तम. तीच बोट दहा माणसे घेऊन निघाली की काटा ४,९०० वर अडकतो, म्हणजे पट्टीच्या खाली. आता पिच दोन इंचांनी उतरवून १३ केली, तर दहा माणसांसह काटा ५,२५० च्या आसपास येईल आणि दोघांसह ५,९५० च्या. दोन्ही टोके पट्टीत बसली. ही साधी वजाबाकी केली असती तर किती इंजिने वाचली असती, असे मला अनेकदा वाटते.

यात वेग किती गेला? तेही हिशेबाने पाहता येते. इंजिनाचे फेरे गुणिले पिच, भागिले गिअरचे प्रमाण (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे), आणि पुन्हा भागिले १,०५६. आलेला आकडा म्हणजे ताशी मैलांत काल्पनिक वेग. १,०५६ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. मैलात ६३,३६० इंच असतात, त्यांना तासाच्या ६० मिनिटांनी भागले की तो येतो. वरच्या उदाहरणात गिअरचे प्रमाण २.०७ धरले, तर १५ पिचवर ५,६०० फेऱ्यांना काल्पनिक वेग ३८.४ मैल निघतो. जीपीएसवर प्रत्यक्षात २८ दिसले, तर उरलेले सुमारे २७ टक्के म्हणजे स्लिप. १३ पिचवर ५,९५० फेऱ्यांना काल्पनिक वेग ३५.४. प्रत्यक्षात २७ मिळाले, तर स्लिप सुमारे २४ टक्के. म्हणजे हलक्या बोटीचा ताशी एखादा मैल गेला आणि भरलेली बोट सुस्थितीत आली. पोंटूनवर हा सौदा मी कोणत्याही दिवशी करीन.

स्लिप हा शब्द ऐकून पुष्कळ जण दचकतात, जणू ती गळती आहे आणि ती शून्यावर आणली पाहिजे. स्लिप शून्य झाली तर रेटाही शून्य होईल. पात्याने पाणी मागे ढकलले तरच बोट पुढे जाते, आणि ढकललेले पाणी सरकणारच. वेगाच्या हलक्या बोटींत ती दहा-पंधरा टक्के असते, जड पोंटूनवर वीस ते तीसच्या घरात जाणे नैसर्गिक आहे. ती एकाएकी वाढली तर मात्र शोध घ्यावा : पाते वाकले आहे का, नळ्यांना शेवाळ चढले आहे का, इंजिन फार उंच बसले आहे का.

गिअरच्या प्रमाणाबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण इंजिन विकत घेण्यापूर्वी ती कळली तरच तिचा उपयोग. मर्क्युरी कंपनी ६० अश्वशक्तीचे तेच इंजिन दोन गिअरकेसांसह देते. साध्या गिअरकेसमध्ये प्रमाण १.८३, 'कमांड थ्रस्ट' नावाच्या मोठ्या गिअरकेसमध्ये २.३३. इंजिन मिनिटाला ५,८०० फेरे घेत असेल तर पहिल्यात पंखा सुमारे ३,१७० वेळा फिरतो, दुसऱ्यात सुमारे २,४९० वेळा. दुसरा पंखा सावकाश फिरतो, पण जास्त जोराने, आणि त्याला व्यासही मोठा मिळू शकतो. पोंटूनसारख्या ओझ्याच्या बोटीला मोठा, सावकाश फिरणारा पंखा जास्त मानवतो. खूप पाण्याला थोडा धक्का देणे हे थोड्या पाण्याला मोठा धक्का देण्यापेक्षा कमी खर्चाचे असते. धक्क्यावर बोट लावताना आणि उलट्या वाऱ्यात ती वळवताना तर हा फरक हाताला जाणवतो. म्हणून नवे इंजिन घेणाऱ्याला माझा आग्रह राहील की मोठ्या गिअरकेसची चौकशी आधी करावी. पिचवरची पुढची चर्चा त्यानंतर निम्म्याने सोपी होते.

पंखा कागदावर पुरता ठरत नाही, पाण्यावर ठरतो, आणि हे आजचे नाही. फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा इंग्लंडमधला शेतकरी. त्याने १८३६ साली मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले आणि लाकडी मळसूत्र लावलेली छोटी बोट लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चालवली. मळसूत्राला दोन पूर्ण वेढे होते. १८३७ मध्ये चाचणी चालू असताना ते कशावर तरी आदळून अर्धे तुटले, आणि एकाच वेढ्यावर बोट आधीपेक्षा जोरात धावू लागली. तो अपघात झाला नसता तर लांब मळसूत्र चांगले, या समजुतीत आणखी किती काळ गेला असता कोण जाणे. पुढे ब्रिटिश नौदलाने १८४३ ते १८४५ या काळात 'रॅटलर' जहाजावर निरनिराळ्या आकारांचे पंखे बदलून बदलून पाहिले. १८४५ मध्ये 'रॅटलर'ने चाकाच्या वल्ह्यांवर चालणाऱ्या 'ॲलेक्टो'ला शेपटाला शेपूट बांधून मागे ओढत नेले, ती रस्सीखेच प्रसिद्ध आहे. मला त्यामागची ती दोन-तीन वर्षांची चिकाटी जास्त मोलाची वाटते.

तिसरे उदाहरण चार्ल्स पार्सन्सचे. १८९४ मध्ये त्याने 'टर्बिनिया' ही टर्बाइनवर चालणारी नौका पाण्यात उतरवली. इंजिनात ताकद भरपूर असून वेग वीस नॉटच्या पुढे जाईना. पंखा इतका भराभर फिरत होता की पात्यांच्या पाठीवरचा दाब कोसळून थंड पाणीच उकळू लागले, वाफेचे बुडबुडे झाले आणि पाती पोकळीत फिरू लागली. पार्सन्सने ही पोकळी प्रत्यक्ष पाहता यावी म्हणून पाण्याचे खास यंत्र बांधले, मग तीन दांड्यांवर तीन-तीन असे नऊ पंखे बसवले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या आरमारी संचलनात 'टर्बिनिया' तीस नॉटहून अधिक वेगाने सगळ्यांच्या देखत धावली. एका टर्बाइनच्या जागी तीन टर्बाइने आली होती. पण मुख्य म्हणजे, पाण्याशी त्यांची गाठ घालणारी रचना बदलली होती.

पोंटूनवर अशी पोकळी क्वचित होते. तिच्या नावाने लोक ज्याची तक्रार करतात ते वेगळेच असते : वरची हवा पंख्यात ओढली जाणे. वळण घेताना इंजिन अचानक किंचाळते, फेरे उडतात, बोट मात्र ढिली पडते. नळ्यांमधून येणारे फेसाळ पाणी, फार उंच बसवलेले इंजिन, गरजेपेक्षा बाहेर काढलेला ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, ही त्याची नेहमीची कारणे. आधी इंजिनाची उंची तपासावी, मग पंख्याकडे वळावे. पात्याच्या मागच्या कडेला किंचित वळण दिलेला पंखा आणि चार पात्यांचा पंखा हवेला चांगले तोंड देतात. वळणावरची पकड, धक्क्यावरचा ताबा आणि कमी वेगावरची स्थिरता यांसाठी पोंटूनला चार पाती मला आवडतात. मात्र चौथ्या पात्याने फेरे थोडे उतरतात, तेव्हा पिच एखाद्या इंचाने कमी धरावी.

धातूविषयी फार लिहिण्यासारखे नाही. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ असूनही भाराखाली लवत नाहीत, ॲल्युमिनियमची थोडी लवतात. ताशी पंचवीस मैलांच्या आत चालणाऱ्या आणि खडकाळ, उथळ काठांवर वावरणाऱ्या बोटीला ॲल्युमिनियम पुरेसे आहे. ते आदळले तर वाकते, स्वस्तात बदलता येते, आणि धक्का गिअरपर्यंत कमी पोहोचतो. तीन नळ्यांच्या, मोठ्या इंजिनाच्या बोटीला स्टेनलेसचा खर्च परवडतो.

उंचीचा परिणाम मात्र हलक्यात घेऊ नये. हवा विरळ झाली की साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. मिनेसोटातले मिनेटोंका तळे समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आतच आहे. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरचे ताहो तळे सव्वासहा हजार फुटांवर. मिनेटोंकावर अचूक जुळलेला पंखा घेऊन कोणी ताहोला गेला, तर जवळजवळ सहावा हिस्सा ताकद वाटेतच हरवलेली असेल आणि तोच पंखा तिथे जड पडेल. नोकरीमुळे राज्य बदलणाऱ्या आणि बोट ट्रेलरवर सोबत नेणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे.

चाचणीची रीत पुढे सविस्तर दिली आहे, तरी तिचा गाभा इथेच सांगतो. नळ्या स्वच्छ असाव्यात. टाकीत नेहमीइतके इंधन असावे. बोटीच्या क्षमतेच्या पाटीवर लिहिलेल्या मर्यादेत राहून नेहमीइतकी माणसे सोबत घ्यावीत. त्यांच्या जागी वाळूच्या पिशव्या घेतल्या तरी चालते, पण वजन तेवढेच हवे आणि तसेच पसरलेले हवे. मोकळे, शांत पाणी पाहून, सगळे बसलेले आहेत याची खात्री करून, थ्रॉटल हळूहळू पूर्ण उघडावे. ट्रिम जुळवून काटा स्थिरावला की फेरे आणि जीपीएसचा वेग टिपावा. मग उलट दिशेने तेच करावे, म्हणजे वाऱ्याचा हिशेब मिटतो. नंतर हेच दोन माणसांवर. दोन भार आणि दोन दिशा, म्हणजे चार नोंदी. एवढ्यावर कोणताही जाणता डीलर तुम्हाला योग्य पंखा सुचवू शकतो. काही डीलर दोन-तीन पंखे वापरून पाहायला देतात, तशी विनंती अवश्य करावी.

पंखा स्वतः बदलायचा तर किल्ली काढलेली आणि इंजिन बंद करण्याची क्लिप उतरवलेली असल्याशिवाय पात्यांना हात लावू नये. यात तडजोड नको. पाते आणि वरची आडवी पट्टी यांत लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडवावा. वॉशर कोणत्या क्रमाने निघाले ते बघून तसेच परत बसवावेत. दांड्यावर माशाच्या गळाची दोरी गुंडाळलेली सापडली तर ती पूर्ण काढावी. ती सीलमध्ये शिरली की गिअरच्या तेलात पाणी जाते, आणि ती दुरुस्ती चांगल्या पंख्याहून कितीतरी महाग पडते. दांड्यावर ग्रीस लावूनच नवा पंखा चढवावा, आणि उतरवलेला चांगला असेल तर अवजारांसह बोटीत सुटा ठेवावा.

मापे मी इंच, फूट आणि ताशी मैल अशीच ठेवली आहेत, कारण पंख्यावर, माहितीपुस्तकात आणि दुकानात तीच भेटतात. कोकणात किंवा गोव्यात आउटबोर्ड लावून मासेमारी करणाऱ्यांनाही पिचचे आणि फेऱ्यांचे प्रकरण जसेच्या तसे उपयोगी पडेल. जाळी आणि मासे भरून परतणाऱ्या होडीचा भार त्यांना दहा माणसांच्या जागी धरावा लागेल, इतकेच. शेवटी जोडलेल्या तक्त्यांत फेरे, पिच आणि गिअरचे प्रमाण यांवरून काल्पनिक वेग काढून ठेवला आहे, आणि शेजारचा रकाना वाचकाने आपल्या बोटीचा प्रत्यक्ष वेग लिहिण्यासाठी कोरा सोडला आहे.